चित्रात कुलूप नव्हतं

ही गोष्ट भर दुपारची आहे बरं का. अंधार, वारा, कुत्र्यांचं रडणं, असलं काही नाही. ऊन कडक पडलेलं, रस्त्यावर हॉर्नचा नुसता गोंधळ, आणि ठिपकी बसच्या खिडकीशी बसून मांडीवरची पिशवी सांभाळत होती. पिशवीत एक पुठ्ठा होता. पुठ्ठ्यावर चित्र. तुम्ही येता-जाता बघता आणि विसरता ना, तसलं. हिरवी चौकट, पांढरं दार, आणि एक हिरवा माणूस. एक पाय दाराबाहेर, दोन्ही हात पुढे. झालं, एवढंच.

ठिपकी पाट्यांच्या दुकानात चित्रं काढायची. लहानपणी कागद हातात आला की आधी मधोमध एक ठिपका काढायची आणि मग त्याच्याकडे बघत विचार करत बसायची, म्हणून तिच्या ताईने ते नाव ठेवलं. चिकटलं ते चिकटलंच.

हे चित्र काढलं होतं शर्टांच्या एका कारखान्यासाठी. ताई तिथेच शिलाईच्या हॉलमध्ये कॉलर शिवायची. तिनेच साहेबांपुढे शब्द टाकला, "माझी बहीण काढते पाट्या." आणि चित्रासाठी उभी राहिली तीही ताईच. घरच्या स्वयंपाकघराच्या दारात, एक पाय बाहेर टाकून, हात पुढे करून.

"काढ ना लवकर, पाय दुखायला लागला माझा!"

"हलू नकोस गं. पळतेयस तू. आग लागलीय."

"आग लागली तर अशी मूर्तीसारखी उभी राहीन होय मी?"

तिने ताईला जशीच्या तशी काढली. मग बसून खोडली. कारण पाट्यांच्या धंद्यात नियमच आहे, चिन्हातला माणूस कुणीच नसला पाहिजे. नाक नको, केस नको, बाई नको, पुरुष नको. ताईचा तो मोठा अंबाडा तिने खोडरबराने घासून घासून काढला, तेव्हा ताई शेजारी उभी राहून म्हणालीसुद्धा, "वा! टकलीच केलीस मला."

पाटी लागली. हॉलच्या टोकाला मागचं दार होतं, थेट अंगणात उघडणारं, त्याच्यावर.

आणि मग खरंच आग लागली.

पुढच्या दाराच्या बाजूला बसणाऱ्या बायका वाचल्या. मागच्या दाराकडे धावल्या, त्या सगळ्या गेल्या. त्यांच्यात ताई. फायर ब्रिगेड आली तेव्हा ते दार सताड उघडं होतं, कडीला काहीही नव्हतं. मग कंपनीने काय म्हणावं? दार उघडंच होतं हो, पण पाटीवरचं चित्र बायकांना कळलंच नाही, त्या तिथे पोचून गोंधळल्या आणि धुरात अडकल्या. म्हणजे सगळं खापर कुणावर? चित्रावर. ठिपकीवर. आणि ज्या मेल्या त्यांच्या अकलेवर.

ऐकून तळपायाची आग मस्तकात जाते की नाही? आणि ठिपकी तर ते महिनाभर गिळत होती. ज्या पोरीने आपल्या हाताने ती पाटी काढली, तिला लोक विचारत होते, "तुझंच ना ते चित्र?" घरी आईसुद्धा एकदा जेवता जेवता म्हणाली, "जरा मोठं काढायला काय झालं होतं गं तुला?" घास तोंडातच राहिला हिच्या.

आज तपासणी होती. चित्र लोकांना कळतं की नाही, याची. बऱ्याच जणांना कळलं, तर कंपनीला दाराचं उत्तर द्यावं लागणार. नाही कळलं, तर संपलं. फाइल बंद.

*

कारखान्याचं कॅन्टीन तेवढं वाचलं होतं. खिडक्यांना पत्रे ठोकलेले, म्हणून आत भर दुपारी दिवा. भिंतीच्या पलीकडे तो हॉल. आणि वास... जळक्या कपड्यावर पाणी ओतल्यावर येतो ना, ओलसर, गुदमरवणारा, तो वास. खुर्च्यांत, पडद्यात, पाण्याच्या ग्लासात.

तपासणीला सरकारकडून एक मॅडम आल्या होत्या. सर्दीने बेजार, रुमाल नाकाला, पण नियमाला एकदम पक्क्या.

"माणसं एकेक करून येतील. या दाराने आत, त्या दाराने बाहेर. आपसात बोलणं नाही. मी दोनच प्रश्न विचारणार. काय दिसतं? आणि हे दिसलं की तुम्ही काय कराल? 'इथून बाहेर पडायचं' असं उत्तर आलं तर बरोबर. बाकी सगळं चूक."

"बाकी सगळं?" ठिपकीने विचारलं.

"सगळं. आणि मी चित्र बघत नाही. विचारणाऱ्याने बघायचं नसतं, नाहीतर तोंडावर दिसतं. तुम्ही चित्रकार म्हणून हजर राहू शकता, पण गप्प बसून."

मोजायला काय, तर कारखान्यातलीच बटणं. बरोबरला पांढरं, चुकीला लाल. समोर एक स्टीलची ताटली.

कोपऱ्यात साहेब बसले होते. कारखान्याचे मॅनेजर. इस्त्रीचा शर्ट, अंगाला अत्तर. त्या वासात अत्तर!

"काय आर्टिस्टबाई," ते म्हणाले, "टेन्शन घेऊ नका. कला आहे शेवटी. कळते, नाही कळत."

ठिपकीने ओठ दातांखाली दाबला.

पहिला आला मालाच्या टेम्पोचा ड्रायव्हर. चित्राकडे बघून म्हणाला, "बाहेर पडायचा रस्ता. का हो, बक्षीस-बिक्षीस आहे का?"

टिक. पांढरं.

मग झाडू मारणाऱ्या मावशी. त्यांनी पुठ्ठा लांब धरला, जवळ धरला. "नवरा दिसतोय. भांडून चाललाय बाहेर."

"हे दिसलं की काय कराल?"

"जाऊ दे म्हणेन मेल्याला."

मॅडमनासुद्धा हसू आलं, पण हात लाल बटणाकडे गेला. टिक. मग हिशेब लिहिणारा क्लार्क, पांढरं. गेटवरचा माणूस, पांढरं. ठिपकीला जरा बरं वाटलं. एकजण म्हणाला, "बाथरूम." लाल. पण तरी पांढरी जास्त होती. ती मनातल्या मनात बटणं जमवत होती, लहान पोरासारखी.

मग शिलाईच्या हॉलमधल्या, वाचलेल्या बायका यायला लागल्या.

पहिली आली लांबी. ताईची मैत्रीण. दारातून वाकून यावं लागायचं म्हणून लांबी. पुढच्या दाराशेजारी मशीन होती तिची, म्हणून जगली. ती खुर्चीत बसली, तिने चित्र बघितलं. आणि बघतच बसली.

"काय दिसतं?"

"बाई आहे एक."

ठिपकीचे कान टवकारले.

"बाई कशावरून?" मॅडमनी नकळत विचारलं.

"अंबाडा आहे ना. केवढा मोठा..." लांबीचा आवाज खाली गेला. "दार ढकलतेय ती. उघडत नाहीये. हात आपटतेय."

"हे दिसलं की काय कराल?"

लांबीने पुठ्ठा पालथा ठेवला. उठली आणि दुसऱ्या दाराने निघून गेली.

टिक. लाल.

ठिपकीने ताडकन पुठ्ठा ओढून बघितला. हिरवा माणूस. गोल डोकं, टकलं, तिने स्वतः घासून गुळगुळीत केलेलं. कसला अंबाडा? ती नियम-बियम सोडून लांबीच्या मागे धावली आणि तिला पॅसेजमध्ये गाठलं.

"वेड लागलं का गं तुला? 'बाहेर पडायचं' म्हणायला काय झालं होतं? तुझ्यामुळे लाल पडलं! एकेक बटण महत्त्वाचं आहे!"

"मला दिसलं ते मी सांगितलं."

"त्यात काही नाहीये! मी काढलंय ते!"

लांबीने तिच्याकडे असं बघितलं, जसं कुणी आंधळ्याकडे बघावं. "तुला नाही दिसत ती?" मग एकदम हळू, "अगं... तुला कशी नाही दिसत?"

ठिपकी परत येऊन बसली, पण तिचं डोकं आता भणभणत होतं.

दुसरी बाई आली. काज-बटणं करणारी, बुटकी. लांबी गेली ते दुसऱ्या दाराने, हिची-तिची गाठच पडलेली नव्हती. "अंबाडेवाली बाई. दार बंद आहे. तिच्या मागे अजून उभ्या आहेत... ढकलाढकली नाही करत. वाट बघतायत."

लाल.

तिसरी. "खोकतायत मागच्या. पुढची खोकत नाही. ती ओरडतेय."

लाल.

चौथीने पुठ्ठा हातात घेतला आणि झटकन टेबलावर टाकला. बोटं फुंकली. "गरम आहे हो!"

"उत्तर द्या."

"काय उत्तर देऊ? फटीतून बघतेय ती बाहेर. बाहेर कुणीतरी उभं आहे. तिला दिसतंय, उभं आहे ते."

लाल. टिक... टिक... ताटली लाल होत चालली. वास वाढला होता, की ठिपकीलाच वाटत होतं? मॅडमचं तर नाकच बंद. पण त्यांनीही दोनदा मान वळवून भिंतीकडे बघितलं.

आणि ठिपकीला काय वाटत होतं सांगू? भीती नाही. राग. आधी त्या बायकांचा, मग त्या टिक आवाजाचा, आणि मग स्वतःचा. सगळ्यांना दिसतेय. काज करणारीला दिसतेय, जिला ताईचं नावसुद्धा धड माहीत नव्हतं. आणि सख्ख्या बहिणीला काही नाही. गोल डोकं. कुणीच नाही. मी खोडली तिला, म्हणून मलाच नाही दिसत. आणि खरं सांगणाऱ्या प्रत्येकीला काय मिळतंय? लाल बटण. चूक!

शेवटची बाई गेली. साहेब उठले, ताटलीत डोकावले, शर्टाची बाही नीट केली.

"झालं ना, मॅडम? मी काय म्हणत होतो? एकीलाही कळलेलं नाही. हिचं काय चुकलं म्हणा, पोर आहे. पण आमच्यावर उगाच चिखल..."

"तुम्ही बघा." ठिपकी उभी राहिली होती.

"काय?"

"चित्र. एवढ्या जणांनी बघितलं. तुम्ही बघा ना. घाबरता का?"

"तुम्ही गप्प बसायचं आहे," मॅडम म्हणाल्या.

"बसले ना गप्प! सगळा वेळ बसले! माझी बहीण गेली त्या दाराशी आणि हा माणूस अत्तर लावून आलाय! बघा म्हणतेय, एवढंच. एक बटण वाढेल तुमचं!"

साहेब हसले. उदार माणसं हसतात तसं. पुठ्ठा उचलला आणि हात लांब करून धरला.

"बाहेर जायचा रस्ता. शेंबडं पोरसुद्धा सांगेल." त्यांनी पुठ्ठा ठेवायला हात खाली आणला आणि कपाळाला आठ्या पडल्या. "पण मग हे कुलूप कशाला काढलंयस?"



मॅडमचा रुमाल नाकाशी तसाच राहिला. "कुठलं कुलूप?"

"हे काय. कडीला. एवढं मोठं पितळी कुलूप, किल्लीसकट. लाल दोरीसुद्धा काढलीय किल्लीची, बघा की. हा काय चावटपणा आहे? कुणी सांगितलं तुला दोरीचं?"

मॅडमनी हात पुढे केला, पुठ्ठा घेतला, आणि पहिल्यांदाच तो स्वतःकडे वळवला. खूप वेळ बघितलं. मग टेबलावर सरळ ठेवला.

"साहेब," त्या सावकाश म्हणाल्या, "यात कुलूप नाही."

साहेबांच्या तोंडावरचा रंग उडाला. आणि मग परत आला, दुप्पट. "नाटक आहे हे! दोघी मिळालेल्या आहात! कुठे आहे कुलूप? चला, दार दाखवतो तुम्हाला. कडी पण नाही त्याला आता, तुमच्याच लोकांनी काढून नेलीय! मी स्वतः उघडून दाखवतो. या!"

आणि ते तरातरा हॉलमध्ये शिरले. एकटेच. हॉलची जमीन कच्ची झालेली म्हणून मॅडमना आत जायची परवानगी नव्हती. "अंगणातून जाऊ," त्या म्हणाल्या. दोघी वळसा घालून मागे गेल्या आणि दारासमोर उभ्या राहिल्या.

साधं लाकडी दार. खालून काळं पडलेलं. कडीच्या जागी चार भोकं. बाहेरून एका बोटानेही उघडावं इतकं सैल. ऊन पडलेलं, भिंतीवर कबुतरं. आतून काहीच आवाज नाही.

"येतील," मॅडम म्हणाल्या.

दोघी उभ्या राहिल्या. आवाज नाही. चालण्याचा नाही, खोकल्याचा नाही.

"अडखळले की काय..." मॅडमनी हाक मारली. "साहेब?"

काही नाही. ठिपकीने दारावर तळवा टेकवला. हे दार सावलीत होतं, भिंतीवरच्या छज्ज्यामुळे. तरी लाकूड गरम होतं. तव्यासारखं नाही... अंगासारखं. ताप आलेल्या माणसाच्या पाठीसारखं. आणि ते हलत होतं. थरथरत होतं, थड... थड... हाताला लागत होतं, पण कानाला नाही. बिलकुल नाही.

तिला कळलं काय चाललंय ते. तिने हात काढला नाही. हाकही मारली नाही. तिने... सांगतो ते ऐका, तिने तसंच राहू दिलं. थोडा वेळ.

"बाजूला व्हा," मॅडम म्हणाल्या आणि एका बोटाने दार ओढलं. उघडलं. कुरकुरलंही नाही.

साहेब आत उभे होते, दोन्ही हात वर केलेले. तळव्यांवर टरारून फोड. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. तोंड हलत होतं पण घसा पार बसलेला, नुसती हवा.

"केव्हाचा... ओरडतोय..." त्यांनी ठिपकीकडे बोट केलं. "फटीतून दिसत होतात मला. समोर उभ्या होतात. उघडलं का नाही...? उघडलं का नाही तुम्ही?"

"ताईनेही हेच विचारलं असेल तुम्हाला," ठिपकी म्हणाली.

साहेबांनी मान खाली घातली. "चहाच्या निमित्ताने बाहेर पळायच्या... म्हणून लावायचो," ते पुटपुटले. "मी आलो होतो उघडायला. आलो होतो, पण आतून इतका आवाज येत होता... मला हातच लावता येईना. नंतर काढलं. शांत झाल्यावर."

मॅडमनी सगळं ऐकलं.

*

तुम्हाला वाटेल संपलं. पण सरकारी काम. दुसऱ्या दिवशी उरलेली तपासणी पूर्ण करायचीच होती. कारखान्याशी संबंध नसलेले लोक आणायचे, असा नियम. मॅडम आल्या, पण आज पुठ्ठा त्यांनी हातात धरला नाही. ठिपकीला म्हणाल्या, "तुम्हीच दाखवा."

साहेबांची खुर्ची रिकामी होती. क्लार्क आत येऊन कुजबुजला, "साहेबांच्या घरून फोन होता. सकाळी आंघोळीला गेले, ते बाथरूमचं दार उघडतच नाहीये. कडी आतून लावलेली नाही म्हणतात. सुतार आला, कुलूपवाला आला. ढकलतायत दोघं. आणि आतून आवाज पण नाही."

मॅडमनी ठिपकीकडे बघितलं. ठिपकीने पुठ्ठ्याकडे. हिरवा माणूस. गोल डोकं.

पहिला आला समोरच्या गल्लीतला इस्त्रीवाला. यापूर्वी या फाटकातून कधी आत आला नव्हता. पाणी मागितलं, प्यायला, ऐसपैस बसला.

"काय दिसतं?"

"दार आहे." त्याने डोळे बारीक केले. "आत एक माणूस आहे. बडवतोय. बाहेर एक बाई आहे, दाराला पाठ लावून. दाबून धरलंय तिने. दांडगी दिसतेय."

पॅसेजमध्ये फोन वाजायला लागला.

"चेहरा कसा आहे?" ठिपकीने विचारलं. हा प्रश्न नियमात नव्हता. मॅडमनी अडवलं नाही. "रागावलीय?"

"नाही हो. निवांत आहे." तो अजून पुढे वाकला. "एक पाय जरा उचललाय. दुखत असेल बिचारीचा. फार वेळ उभी दिसतेय."

फोन वाजतच होता.

"उचला कुणीतरी तो," मॅडम म्हणाल्या. मग इस्त्रीवाल्याकडे वळून, दुसरा प्रश्न. "हे... हे दिसलं की तुम्ही काय कराल?"

"मी?" तो उठला, टोपी घातली. "मी कशाला मधे पडू बाई?"

मॅडमचा हात दोन्ही बटणांच्या वर थांबला. पांढरं, लाल. थांबलाच. शेवटी ठिपकीने हात पुढे केला, पांढरं बटण उचललं आणि ताटलीत टाकलं.

बटण पडताना दिसलं. पण टिक असं वाजलं नाही. थाप ऐकू आली, लाकडावर उघड्या हाताची. एकच. टेबलावर ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खालून.

फोन वाजायचा थांबला.